कालच्यापेक्षा

हॅलो?

हो… बोल रिना. थांब, ओसरीत येते, इथी आवाज कटून राह्यला… एक मिनिट हं.

(फोनवर हात ठेवून) आई, रिना आहे. हळू रड. बाबा गेले ते पेपर झाल्यावरच सांगायचं, तूच म्हटलं न? … हो गुणवंतकाका. दिवस मावळायच्या आत न्यायचं. माहीत आहे मले.

हं, बोल. … काई नाई, सर्दी झाली. … दुपारी पेपर, मंग आत्ता काय घोटून राह्यली?

… परत योरीच? अगं, जपानले जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करशील, आन् दोघांत मोठं कोण ते सांगता येत नाई तुले? … मी जपानीचा वर्ग अर्ध्यात सोडला म्हणून काय झालं, एवढं येते मले. ऐक. ज्याच्यापेक्षा म्हणायचं, त्याच्या मागून योरी. आपलं ‘पेक्षा’ बसते, तिथीच. आरमोरी वा कुरखेडा योरी ओओकी देस. म्हणजे? … हो. कुरखेड्यापेक्षा आरमोरी मोठं.

… नाई, होदो वेगळं. होदो म्हणजे ‘एवढं’. त्याच्यासोबत नकार येते. कुरखेडा वा आरमोरी होदो ओओकिकु नाई देस. आरमोरीएवढं मोठं नाई. … हो, नाईच. आपल्यासारखंच. … आपल्या झाडीपट्टीतले असतीन मंग ते जपानी. हसू नको, पुढं म्हण.

… काय? … बाया बोलून राह्यल्या. इंदुताई आहे, खालच्या मोहल्ल्यातले आहेत. … बाबांलेच पाहायले आले.

… अगं ऐक ना, तू वाक्य कर. पुस्तकातलं नको, मनचं कर.

…

परत म्हण.

… चिची वा किनोउ योरी गेन्की देस.

… नाई, आहे मी. ऐकू आलं. … बरोबर आहे. सगळं जागेवर आहे. बाबा कालच्यापेक्षा बरे आहेत. … हो, काल पेज घेतली होती त्यांनी. मीच सांगितलं तुले.

… त्यांले फोन आत्ता नको. … नाई, कानाजवळही नको धरायले. … तुझा आवाज ऐकून त्यांले बरं वाटते, माहीत आहे. … रिना, ऐक… अगं ऐक म्हणते न मी!

थांबा काका. मी सांगते तिले. … नाई आई. तिनं त्यांच्यासाठी वाक्य केलं, आन् मी त्याले बरोबर म्हटलं. आता मले होत नाई.

रिना, तुझ्या खोलीतली महेक आहे काय? जवळ बोलाव तिले. … बसली? … बाबा गेले.

… पहाटे. … नाई, त्रास नाई झाला. … झाला. थोडा झाला. आई होती जवळ, मी होते.

… माहीत आहे. पेपर होऊ द्या म्हणले होते ते. मलेच म्हणले होते. … पेपर परत देता येते, रिना. … तू वडशाची बस पकड. काकांचा लोकेश गाडी घेऊन उभा राहीन तिथी. … थांबू न. तू आल्याबिगर कोणी उचलणार नाई. मी दारातच बसते. काका बोलतीन, बोलू दे. अंधार झाला तर झाला.

… रिना? … रिना!

… कोण, महेक? … पाणी दे तिले. पाठीवर हात ठेव. … उठली? … बेटा, तू ये तिच्यासोबत. एकटी नको सोडू. आन् बसमध्ये कोणी विचारलं, तर तूच सांग. तिले सांगायले नको लावू.

… हो. … हो, निघा.

… ठेव न मंग. … नाई, तूच ठेव, बेटा. मले ठेवता येऊन नाई राह्यलं.