वाटाणे सोलताना लेओनी

(सेन नदीकाठचं गाव. होड्या बांधणारा आन्सेल्म बायकोचं, लेओनीचं, चित्र घेऊन ते काढणाऱ्या म्हाताऱ्या चित्रकार ओर्तांसबाईंकडे आला आहे.)

आन्सेल्म : डोळे तेवढे घाला, बाई. दुसरं काही मागत नाही.

ओर्तांस : आधी बस. लेओनीला जाऊन महिना तरी झाला का रे?

आन्सेल्म : रविवारी होईल. सोलांज रोज म्हणते, आईचा चेहरा दाखवा. फोटो काढवला होता, पण लेओनीला कुठला दम! हलली, नुसता धूर उमटला. राहिलं हे. आणि यात गालावर जांभळा रंग. जसं काही मीच मारलंय.

ओर्तांस : टोपीची सावली आहे ती. उन्हातली सावली काळी नसते, तुझ्या सोलांजलाही मी हेच शिकवते. कडेला डांबर कसलं?

आन्सेल्म : कारखान्यात होतं. भिंतीकडे तोंड करून. गडी हसायचे.

ओर्तांस : ती काय म्हणाली?

आन्सेल्म : काही नाही. येऊन धूळ पुसायची. आणि पुन्हा तसंच ठेवायची, भिंतीकडे तोंड करून.

ओर्तांस : हं. आण इकडे, रंग कालवते. डोळे कुठल्या रंगाचे होते?

आन्सेल्म : तपकिरी. नाही... थांबा.

ओर्तांस : घाई नाही. आठव सावकाश.

आन्सेल्म : इतकी वर्षं समोर बसून जेवलो, बाई.

ओर्तांस : मलाही ठाऊक नाही. मी कुणाला पुतळ्यासारखं बसवत नाही. तिला म्हटलं, तू आपली वाटाणे सोलत राहा, ऊन पडेल तसं मी टिपते. मान खालीच होती तिची.

आन्सेल्म : मग पोरीला काय दाखवू?

ओर्तांस : फळीची सांध तपासल्यासारखं नाक लावून बघू नकोस. ठेव खुर्चीवर. आता मागे हो. आणखी. दारापर्यंत.

आन्सेल्म : ...मान वर करतेय.

ओर्तांस : करतेय ना? फाटक वाजलं आणि चेहरा एकदम उजळला. तेवढंच पकडायला धावले मी.

आन्सेल्म : कोण आलं होतं?

ओर्तांस : तू. जेवायला.

आन्सेल्म : काही बोललो?

ओर्तांस : सूप वाढ म्हणालास. तिचे डोळे वर येईपर्यंत आत गेला होतास. तिनं पुन्हा मान खाली घातली.

आन्सेल्म : (खुर्चीवरचं चित्र उचलून काखेत घेतो.)

ओर्तांस : ब्रश धुऊ का रे?

आन्सेल्म : धुवा. जेवायच्या टेबलासमोर लावतो, पलीकडच्या भिंतीवर. डोळ्यांचा रंग सोलांजला विचारेन.