काच उतरली म्हणून गॅस भरू नये

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या बर्फ कारखान्याचे मालक श्रीयुत रतिलालशेठ, व्यासपीठावर बसलेले आदरणीय डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती लोटनभाऊ मिस्त्री, म्हसावदहून गाड्या जुंपून आलेले त्यांचे भाऊबंद, नंदुरबारच्या पेठेतली आणि स्टेशनातली प्रतिष्ठित मंडळी, मागे कापसाच्या गाठींवर बसलेले आमचे कामगारबंधू, आणि दाराच्या पलीकडे उभ्या असलेल्या माता-भगिनींनो,

मी रूपचंद. कारखान्यातला बर्फ कुणाला किती द्यायचा, हे पाहण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे लग्नसराईत माझ्या मागे लागणारे आणि पुढे मला ओळख न दाखवणारे बरेच जण मला या सभेत दिसताहेत. त्यांनाही नमस्कार.

अध्यक्षमहाराजांनी आत्ताच फार सुंदर भाषण केलं. मुदतीच्या तापाच्या, म्हणजे टायफॉइडच्या, साथीत लोटनभाऊंनी स्वतःच्या आजारी बायकोचा बर्फ गावासाठी दिला, असा त्याग पुराणात शोधावा लागेल, असं ते म्हणाले. टाळ्याही कडाडून पडल्या. आता शेठजींचं मीठ खाऊन मला त्या टाळ्यांवर पाणी फिरवायचं आहे, आणि तेही लोटनभाऊंच्या हुकमावरून. आज सकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, "रूपचंद, त्या त्यागनी गोष्ट आज कोणी काढी ते तू उभा राहीसन खरं सांगजो. नही ते मी हार घेवाव नही." आता या माणसाला हट्टापासून हलवणं कुणाला जमलंय? त्यांच्या बायकोला, धनुबाईंना, जमत असे थोडंफार. मला कुठलं जमायला!

तर खरं काय घडलं ते सांगतो. थोडं यंत्राचं बोलावं लागेल, पण कंटाळू नका. उन्हाळ्यात सरबत पिताना नाही कंटाळत तुम्ही.

लोटनभाऊ आमच्याकडे आले ते शेठजींच्या कापसाची सरकी काढायच्या जीनमधून. जीनच्या बॉयलरवर त्यांची उमर गेली. बॉयलरला एक काच असते, आत पाणी किती आहे ते दाखवणारी. ते पाणी अर्ध्या काचेच्या खाली गेलं की बॉयलरवाला हातातलं काम टाकून धावतो, कारण पाणी संपलं तर बॉयलर फुटतो आणि माणसं मरतात. म्हणून बॉयलरवाला भाकर खाताना काच बघतो, कुणाशी भांडताना काच बघतो. काच उतरली की डोकं विचार करायच्या आत त्याचा हात पाणी सोडायच्या कळीवर गेलेला असतो. आणि तो गेलाच पाहिजे. आपल्या खानदेशात इतके जीन, इतके बॉयलर. त्यातले निम्मे या अशा हातांमुळे शाबूत आहेत.

पुढे शेठजींनी बर्फाचा कारखाना काढला. तिथेही टाकी, तिथेही काच. फक्त आत पाण्याऐवजी अमोनिया. सुरतेहून यंत्र बसवायला आलेल्या साहेबांनी सांगितलं होतं, की यंत्र पूर्ण कामावर बराच वेळ नीट चालू द्या, मग काच बघा, नळ्या हाताने चाचपा, दाबाचे काटे बघा, आणि या सगळ्यांचं म्हणणं एक आलं तरच गॅस कमी की जास्त ते ठरवा. लोटनभाऊंनी ऐकलं, मान डोलावली. पण कानांनी ऐकलेलं हातापर्यंत जायला वेळ लागतो, मंडळी.

बॉयलरमधलं पाणी वाफ होऊन निघून जातं. म्हणून ते सारखं भरावं लागतं. बर्फाच्या यंत्रातला गॅस कुठे जातो? कुठेच जात नाही. तोच गॅस दाबला जातो, पातळ होतो, बर्फाचे डबे बुडवलेल्या मिठाच्या पाण्यातल्या नळ्यांत शिरून त्या पाण्याची उष्णता ओढतो, परत गॅस होतो आणि परत दाबला जायला येतो. आपल्याकडचे काही पाहुणे असतात ना, निघतो निघतो म्हणतात आणि ओसरीवरून फिरून परत पाटावर येऊन बसतात, तसा. दुपारी उन्हं चढली, काम वाढलं, की जास्त गॅस नळ्यांत कामाला लागतो आणि टाकीतली काच उतरते. पहाटे काम हलकं झालं की काच पुन्हा चढते. यात भरण्यासारखं काही नसतं.

लोटनभाऊ मात्र दुपारी उतरलेली काच बघायचे, आणि बॉयलरवाल्याचा हात गॅसच्या लोखंडी बाटल्याच्या कळीवर जायचा. थोडा गॅस सोडायचे. काच अर्ध्यावर आली की समाधान. पहाटे काच तुडुंब दिसली की त्याहून समाधान. "भरेल शे, भरेल शे," म्हणून आम्हांला दाखवायचे. आम्हीही खूष. आपल्याकडे ताटात कमी पडलं तर नामुष्की. जास्त झालं म्हणून कुणी कधी रडलंय?

त्या उन्हाळ्यात, लढाई ऐन भरात असताना, गॅस दाबणाऱ्या काँप्रेसरच्या मानेपर्यंत पांढरं हिंव चढलं. बाहेर अंगाची लाही आणि लोखंडावर हिंव! पेठेतली मंडळी बघायला यायची, बोटानं खरवडून पोरांच्या गालाला लावायची. शेठजींनीही कौतुक केलं होतं. रागावू नका शेठजी, केलं होतं. वास्तविक ते दुखणं होतं. नळ्यांना पचेना एवढा पातळ गॅस तसाच काँप्रेसरकडे परत येत होता. मग काँप्रेसर ठोके द्यायला लागलं. ठोके बसू नयेत म्हणून ते मंद चालवावं लागे, आणि मंद चाललं की बर्फाच्या लाद्या मधून पोकळ. हातात धरली की अर्धी धोतरावर.

नेमकी त्याच वेळी गावात मुदतीच्या तापाची साथ आली. डॉक्टरसाहेब इथे आहेत, त्यांना आठवत असेल. तापानं भाजणाऱ्या माणसांच्या डोक्यावर ठेवायला ते आमच्याकडून बर्फ नेत. आणि त्याच आठवड्यात लोटनभाऊंच्या मंडळी, धनुबाई, अंथरुणाला खिळल्या. धनुबाई तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. तोंडाच्या फटकळ, हाताच्या उदार. कारखान्याच्या फाटकावर डबा घेऊन यायच्या आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणायच्या, "घरना माठ गळी ऱ्हायना तो तुमले दिखत नही, नि आठला पाईप रातदिन पुसतस." लोटनभाऊ शेठजींना उलट उत्तर देत, पण धनुबाईंना नाही.

एके दिवशी सकाळी लाद्या निघाल्याच नाहीत. डब्यांत नुसता चिखल. जमलेल्या प्रत्येकाचं एकच मत, गॅस कमी पडला. शेठजींचं तेच, माझं तेच, रस्त्यावरून जाणाऱ्याचं तेच. कारखान्यात गॅसचा एक भरलेला बाटला उरला होता आणि लढाईमुळे दुसरा मिळण्याची आशा नव्हती. लोटनभाऊ घरून आले होते ते बायकोचा ताप रात्रभर उतरला नाही हे बघून. बाटला ओढून त्यांनी नळीला जोडला. कळीवर हात ठेवला.

आणि थांबले. शेवटचा बाटला, म्हणून थांबले असतील. म्हणाले, आधी गळती कुठे आहे ते बघू, नाहीतर हाही हवेत जायचा. मग गंधकाची बत्ती पेटवून त्यांनी ती एकेका सांध्याजवळ धरली. अमोनिया गळत असला की गंधकाच्या धुराशी त्याची गाठ पडून दाट पांढरा धूर उठतो. काँप्रेसरपासून मिठाच्या पाण्यापर्यंत एक सांधा सोडला नाही. धूर कुठेच उठला नाही. आणि खरं तर अमोनिया गळत असता तर बत्तीची गरजच काय होती? अर्धं गाव डोळे पुसत आलं असतं.

लोटनभाऊंनी बत्ती विझवली. "गळती नही," ते म्हणाले. "मंग मी इतला दिन भरेल गॅस कोठे गया?" त्यांचं त्यांनीच उत्तर दिलं. "समदा मझारच शे."

सगळा गॅस आतच आहे, एवढ्यावरून त्यांना पुढचं सगळं कळलं. हिंव का, ठोके का, पोकळ लाद्या का. आता जास्तीचा गॅस बाहेर काढायला हवा होता. हवेत सोडला तर स्टेशन मोकळं करावं लागेल. उपाय एकच, रिकाम्या बाटल्यात परत घ्यायचा. त्यासाठी बाटला चांगला गार हवा, म्हणजे गॅस त्यात उतरतो. कापसाच्या गाठी तोलायच्या काट्यावर बाटला ठेवायचा आणि वजन बघत बघत भरायचा, कारण काठोकाठ भरला तर उन्हात तो फुटतो. हे सगळं ठीक. पण बाटला गार करायचा कशानं? बर्फानं. आणि बर्फ कुठे होता?

भुशात पुरलेला डॉक्टरसाहेबांच्या रोग्यांचा वाटा होता, आणि मी स्वतः बाजूला काढून ठेवलेली, लोटनभाऊंच्या घरी जायची लादी होती. तिसरं काही नव्हतं. मी म्हणालो, "भाऊ, डॉक्टरांच्या वाट्यातून थोडा घेऊ, कुणाला कळणार नाही." ते माझ्यावर असे खेकसले की मी दोन पावलं मागे सरलो. "डॉक्टरना बर्फले हात लावू नको! चूक मन्ही, नि लोकेसना बर्फ घेवाना? मन्हा घरना आन." मी म्हटलं, मग उद्या करू. तर म्हणाले, "आज नही करं ते सकाय कोणलेच बर्फ नही. तिलेबी नही."

तळोद्याकडच्या डोंगरातून आलेला इंद्रसिंग तेव्हा लाद्या उचलायच्या कामावर होता. त्यानं ती लादी आणली. फोडून बाटल्याभोवती रचली, वर गोणपाट टाकलं. लोटनभाऊ काट्यासमोर उकिडवे बसून वजन बघत राहिले. धनुबाईंच्या डोक्यावर त्या दिवशी शेजारणींनी विहिरीच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

संध्याकाळी काँप्रेसर पूर्ण जोरात सुरू झालं, ठोके नव्हते. मानेवरचं हिंव उतरलं. काच अर्ध्याच्या बरीच खाली उभी राहिली आणि तिथेच राहिली. लोटनभाऊंनी हात पाठीमागे बांधून घेतले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी लाद्या निघाल्या त्या काचेसारख्या, खणखणीत. पहिली लादी मी त्यांच्या घरी पोचवली. त्यानंतर साथ ओसरेपर्यंत बर्फ कुणालाही कमी पडला नाही, धनुबाईंनाही नाही. तरी आठवड्याच्या आत धनुबाई गेल्या.

डॉक्टरसाहेबांनी लोटनभाऊंना समजावलं, की त्या एका दिवसामुळे काही झालेलं नाही, आतडंच फुटलं होतं, बर्फ असता तरी इलाज नव्हता. लोटनभाऊ म्हणाले, "व्हई, डॉक्टर. तुम्ही खोटं नही बोलतस. पण त्या दिन ती तापमां जळी ऱ्हायंती, नि तिन्हा बर्फ मी बाटलाले घाला."

पुढे गावानं त्याची कथा केली. मिस्त्रीनं बायकोचा बर्फ गावाला दिला, अशी. आपल्याला अशा कथा आवडतात, ऐकल्या की आपलंच मन मोठं झाल्यासारखं वाटतं. लोटनभाऊंना मात्र ती कथा इतकी वर्षं काट्यासारखी सलते आहे. "त्याग कसाना? मी हाते करी खराब करं, नि भोगनं तिले पडनं. आते लोके माले हात जोडतस," असं ते सकाळी म्हणाले, आणि डोळे पुसून माझ्यावरच चिडले.

म्हणून शेठजी, आपला मान राखून मी आपला 'त्याग' हा शब्द मागे घेतो. त्यागाबद्दल हा सत्कार नाही. मग कशाबद्दल? त्या दिवसानंतर लोटनभाऊंनी चाचपून, बघून, थांबून ठरवल्याशिवाय यंत्रात गॅसचा एक थेंब घातला नाही, आणि आपण काय चुकलो हे कारखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. हे मला पुरेसं वाटतं. तुम्हांला वाटत नसेल तर टाळ्या वाजवू नका, पण हार घालू द्या, कारण आता ते घेतील.

उद्यापासून यंत्र इंद्रसिंगच्या हाती जातंय. तोही मधली वर्षं जीनच्या बॉयलरवर काढून आलाय, तेव्हा त्याचा हातही कुठे जाणार हे उघड आहे. इंद्रसिंग, मान खाली घालू नकोस, इकडे बघ. तुला यंत्र शिकवायला लोटनभाऊंनी बायकोचं दुःख पुन्हा एकदा चारचौघांत उघडं केलंय. एवढ्यासाठीच त्यांनी मला इथे उभं केलं, हे मला बोलता बोलता कळलं.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, डॉक्टरसाहेब आजारी माणसं सोडून आले, म्हसावदच्या मंडळींनी एवढी वाट तुडवली, आणि तुम्ही सर्वांनी यंत्राचं रडगाणं शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल कारखान्यातर्फे मनापासून आभार मानतो. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर ते आपण पोटात घाला. लोटनभाऊंची चूक मात्र पोटात घालू नका. ती लक्षात ठेवा.