आठवं नाव

आमचं गाव अमळनेरकडचं, पण लग्न झालं तशी मी सुरतलाच, गोडादऱ्यात, एका खोलीत, अन् काय सांगू तुम्हाला, सगळं त्या खोलीतच झालं, पोरगीबी तिथंच झाली, आशा, एकुलती एक. आशाचे पप्पा डाइंग मिलमध्ये होते, कपडा रंगवतात तिथं, ठेकेदाराच्या हाताखाली. घरी यायचे तर हाताला रोज नवा रंग. पोरगी विचारायची, पप्पा, आज कोणता? ते हात पुढं करायचे. मी घरी बसून साड्यांना लेस लावायची, आताबी लावते.

मिलमध्ये वाफेचा पाइप फुटला तेव्हा आशा सहावीत, शाळेत गेलेली. सगळी गल्ली तिकडं पळाली, माझे दीरबी पळाले. तेवढ्यात एक सरकारी माणूस कागद घेऊन आला, दारोदार विचारू लागला, तुमच्या घरचं कोण आत होतं. मी म्हटलं, आमचे घरचे होते. तो म्हणे, बेन, नाम बोलो. आता आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं. मी म्हटलं, आशाचे पप्पा. तो म्हणे, नाम. मी पदर तोंडात धरून उभी, दीर आले की सांगतील म्हणून. तीनदा विचारलं त्यानं, मग पुढच्या दारी गेला. मेलेल्यांच्या यादीत सात नावं आली, यांचं राहिलं. यांना मिलवाल्यांनी आतून उचलून गेटाबाहेर आणून ठेवलेलं. ठेकेदार म्हणे, हा माणूस त्या दिवशी कामावरच नव्हता, अन् हजेरीच्या वहीतलं ते पानच गायब. दीरांनी लई चकरा मारल्या. कागदावर राहिलं ते राहिलं, मिलच्या बाहेर मेले म्हणून.

दहावीला असताना पोरगी एकदा म्हणाली, आई, तू नाव का नाही घेतलं? मी लेस लावत राहिली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, ते मला जास्त लागलं.

मग कॉलेजात गेली अन् काळं घालू लागली. कपडे काळे, ओठ काळे, डोळ्याभोवती काजळ फासलेलं. गॉथिक पंक म्हणतात म्हणे त्याला, बँड आहे तिचा. शेजारीण म्हणे, पोरीला नजर लागली का ती नजर लावायला निघाली? मी तिला म्हटलं, बाई, आपल्यात सुतकाला काळं नसतं. ती म्हणे, आई, हे गोऱ्या लोकांचं सुतक. हसली मी, पण आतून हललीच. तिघं जण आहेत ते, कोसाडला एकाच्या घरी वाजवतात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला गोधड्या टांगून. गाणी हिंदी, गुजराती, मराठी सगळं मिसळून, सरकारला अन् मिलवाल्यांना धारेवर धरणारी. पहिला आल्बम काढायचं ठरलं, नाव ठेवलं हजेरी. मला भीतीच वाटली, पाण्यात राहून माशाशी वैर, कोणी सांगितलंय?

शेवटच्या गाण्यात गिटार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही पितरांचं नाव घेऊन पाणी सोडतो ना, तसं एकेक नाव अन् पाण्याचा आवाज, एवढंच. सात नावं तिनं घेतली. आठवं तू घे, म्हणाली. मी म्हटलं, तू लेक आहे, तुला चालतं, तूच घे. ती म्हणे, त्या दिवशी मी घेतलंच असतं आई, पण मी शाळेत होती.

मग गेली मी कोसाडला. त्या गोधड्यांच्या खोलीत तांब्या धरून उभी राहिली, हात भरून आला, कोणी घाई केली नाही. घेतलं मग. आवाज फाटला माझा. ड्रमवाला म्हणे, मावशी, परत एकदा. आशा म्हणे, नाही, असंच राहू दे. घरी येऊन माझ्या मांडीवर निजली ती, काजळ सगळं माझ्या साडीला.

आता ते गाणं कुठं कुठं वाजतं म्हणे. मोबाइलवर दाखवलं तिनं, परक्या गावची पोरं काळे कपडे घालून यांचं नाव ओरडत होती, मी बघतच राहिली. कागद काही बदलला नाही, बदलणारबी नाही, ठेकेदारबी तोच आहे. त्या पोरांच्या आईबापांना देव सुखी ठेवो, बाकी काय. तुम्ही एवढं सगळं लिहून घेतलं, पण नाव नाही विचारलं मला, माझी लाज राखली. आता लिहा, मीच सांगते. सुपडू. मिलच्या आत होते.