गाण्यातली ताई

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. एकाच फोनच्या वायरी, दोघींच्या एकेका कानात.

"ताई, तुझ्या लेकाचं नव्या रॉक बँडबरोबरचं हे पहिलंच गाणं."

"सुरुवातीला ही बाई कोण बोलतेय?"

"तूच. तो घर सोडून गेला, तेव्हा तू फोनवर पाठवलेला निरोप आहे तो."

"'मेलास तरी कळवू नकोस' म्हटलं होतं गं मी. ते ऐकवलं जगाला?"

"ते गाळलंय. तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलीस आणि भावोजींशी बोलत बसलीस, तेवढंच ठेवलंय."

"काय बोलले मी?"

"'कुलूप बदलू नका, त्याच्याकडे जुनीच किल्ली आहे.' आता ऐक, तेच गातोय तो."

"अगं, ह्यांनी गेल्याच आठवड्यात बदललं ते."