ताईच्या गिनीपिगच्या तोंडातले फोड

हसू नका, पण मी शेजारच्या गणपतकाकांवर विष घातल्याचा आळ घेतला होता.

ताई वारली आणि तिचे दोन गिनीपिग मागे राहिले. एकाच्या तोंडात फोड आले, खाणं सुटलं, मेला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "मी म्हशीचं तोंड बघतो, उंदराचं न्हाई."

मग दुसऱ्यालाही फोड आले. तेवढ्यात काका तंबाखू मळून आले आणि त्याला लसूणघास चारू लागले. मी मनगटच धरलं. बोटं चुन्यानं पांढरी!

"इख चारता व्हय?"

"येडा हाईस का बे? ताई होती तवापासून चारतोय!"

बोटांवरच्या चुन्यानंच तोंड पोळलं का, कोण सांगणार? दुसरा जगलाय. काका हात धुऊन येतात. तरी बोटं हुंगल्याशिवाय मी त्यांना पिंजऱ्याला हात लावू देत नाही.