रुखमाबाईचं घर

सीताबर्डीवर रेशनकार्डाच्या रांगेत मारोतराव मास्तर घाम पुसत उभे होते. पुढे, महायुद्धात इराणात फौजेचे ट्रक हाकून परतलेला गोविंदा आपल्या शेजारणीशी बोलत होता, ते मास्तरांच्या कानावर पडत होतं.

“कार्डावर आडनाव काय लिहशीन गा? तुमचं तं आडनावच नाही.”

“तोच इचार करून राहिलो, मावशी. तिकडं रशियाच्या फौजेत युक्रेनचा एक ड्रायव्हर होता, मारुसेंको.”

“हे कसलं नाव?”

“मारुस्या त्याची आजी. आजा लवकर गेला, तिनं लेकरं पोसली. मंग घराण्याले तिचंच नाव. त्याईच्याकडं बापाआज्याच्या नावाची आडनावं लय, आजीचं एखादंच. मी तं सहा महिने हासलो त्याले. म्हटलं, आमच्यात मर्दाचं नाव चालते.”

“मंग?”

“एक दिवस मी घरी पत्र टाकून राहिलो होतो. तो म्हणे, पत्ता वाचून समजावून सांग.”

“काय होता?”

“रुखमाबाईचं घर, इतवारी, नागपूर.”

“बराबर हाये. तुह्या आजीचंच नाव सांगा लागते. आज्याले कोण ओळखते?”

“तो हासला नाही, मावशी. तेच मले लागलं.”

रांग सरकली. कारकुनानं मान वर न करता विचारलं, “आडनाव?”

“रुखमे लिहा, साहेब. अन् हासू नका, सहा महिने मीच हासून घेतलं हाये.”