कोर्टातला कठडा

जुन्या कोर्टात आता लायब्ररी झाली आहे. सभासद व्हायच्या रांगेत माझ्यापुढे एक आत्या आणि तिची भाची उभ्या होत्या.

“आत्या, आतलं सगळं इंटिरिअर माझं बरं का!”

“झकास केलंयस गं. पण तो कोपऱ्यातला कठडा?”

“साक्षीदाराचा होता. मोडवेना, म्हणून आत गादी टाकली, दिवा लावला. आता मुली वाचत बसतात तिथे.”

“माझ्या घटस्फोटाच्या वेळी मी त्यातच उभी होते. वकील विचारत सुटला आणि माझी बोबडीच वळली.”

“अगंबाई! मला कुठं माहीत? काढून टाकू का?”

“थांब गं. बसल्यावर कसं वाटतं, ते तरी बघू दे.”

“अगं, आपला नंबर आला!”

“तू राहा उभी. सरका गं पोरींनो, मला जागा करा.”